मारी लोरांसँची गोडी आणि तिचे टीकाकार

फ्रेंच चित्रकर्ती मारी लोरांसँ (१८८३–१९५६) हिच्याविषयी एक मत कलेच्या इतिहासात घट्ट रुजून बसलं आहे. पिकासो आणि ब्राक या घनवादी चित्रकारांच्या संगतीत राहूनही ती गुळमटच राहिली, असं ते मत. फिका गुलाबी, मोतिया राखाडी, आकाशी. हरिणडोळ्यांच्या मुली, फिती, पिसं, कबुतरं. पुरुषांना बाई जशी हवी असते तशी तिने रंगवली, म्हणून ती खपली आणि म्हणूनच ती दुय्यम, असा हा पूर्वपक्ष.

त्यात तथ्य आहे तेवढं आधी मान्य करते. ती खपली, घेणाऱ्यांत पुरुष होते, आणि उत्तरायुष्यात तिने एकच चेहरा पुन्हा पुन्हा गिरवला. पण एवढ्याने आरोप शाबीत होत नाही. दुसरं काही जमेना म्हणून ती गोड झाली असं म्हणावं, तर १९०८ चं तिचं समूहचित्र आडवं येतं. पिकासो, कवी अपोलिनेर, पिकासोची तेव्हाची सोबतीण फर्नांद ऑलिव्हिए आणि स्वतः मारी, सगळे ठाशीव रेषेत, सपाट, जवळजवळ कठोर. ते लेखिका आणि चित्रसंग्राहक गर्ट्रूड स्टाइनने विकत घेतलं आणि आज ते बाल्टिमोरच्या संग्रहालयात आहे. कठोर रेष हातात असताना तिने ती सोडली. गोडी ही तिची निवड होती.

आता ही गोडी कोणासाठी, ते चित्रातच पाहावं. १९२३ मध्ये तिने फॅशनकार कोको शनेलचं व्यक्तिचित्र केलं. शनेल हातावर डोकं टेकून सैलावून बसली आहे, मांडीवर कुत्रा, बाजूला आणखी एक कुत्रा, वरून उतरणारं कबूतर, गळ्यावरून ओघळणारी काळी पट्टी. नाक जवळजवळ पुसलेलं, डोळे गर्द. अंगाकडे नीट पाहिलं की एक गोष्ट ध्यानात येते: त्वचेला मांसाचा रंगच नाही. चित्रकार रन्वारच्या स्त्रिया उबदार, भरलेल्या, हात लावावासा वाटेल अशा असतात. त्या पाहणाऱ्याला बोलावतात. लोरांसँची स्त्री पांढरट, थंड, स्वतःत गुंग. तिची जवळीक आहे ती त्या कुत्र्याशी, पाखराशी, आणि इतर अनेक चित्रांत शेजारच्या मैत्रिणीशी. बाहेरून पाहणाऱ्या पुरुषाला या गोडीत जागाच ठेवलेली नाही. आपल्यासारखं दिसत नाही म्हणून शनेलने ते चित्र नाकारलं. लोरांसँने दुसरं करून द्यायला नकार दिला आणि ते स्वतःकडे ठेवलं. गिऱ्हाइकाच्या आवडीपुढे मान तुकवणाऱ्या बाईचं हे वागणं नव्हे.

त्याच १९२३ मध्ये, लोरांसँच्याच वर्तुळातल्या चित्रकर्ती रोमेन ब्रुक्सने उंच हॅट आणि काळा कोट घातलेलं आत्मचित्र केलं. स्त्रियांवर प्रेम करणाऱ्या चित्रकर्तीचं धाडस म्हणून ते नेहमी पुढे केलं जातं, आणि ते थोर चित्र आहेच. पण पुरुषी कोट तेवढा बंड आणि गुलाबी रंग तेवढी शरणागती, ही वाटणी मला साफ अमान्य आहे. पुरुषाचं ते भारदस्त आणि बाईचं ते उथळ, हीच जुनी उतरंड या वाटणीत नव्या नावाने परत येते.

अलीकडे लोरांसँची बाजू घेणारेही एका जागी घसरतात, आणि हे मला जास्त खुपतं. गोडी हा मुखवटा होता, त्याआड तिने आपलं खरं प्रेम लपवलं, असं ते म्हणतात. फॅशनकार निकोल ग्रूशी तिची जवळीक होती, स्त्रियांवर उघडपणे प्रेम करणाऱ्या लेखिका नाताली बार्नीच्या बैठकीत तिचं जाणं-येणं होतं. त्यामुळे हा अर्थ सुचणं स्वाभाविक आहे. पण मुखवटा काढला की खाली काहीतरी वेगळं सापडायला हवं. इथे रंग खरवडून काढला तर कोवळीकच निघून जाते, आणि दोन स्त्रियांच्या जवळिकीचं ही कोवळीक सोडून दुसरं कोणतं रूप तिने रंगवलंच नाही.

आणि लपवण्याचंच म्हणाल, तर १९२४ मध्ये मॉन्टे कार्लोत रंगमंचावर आलेल्या ‘ले बिश’ या बॅलेचं नेपथ्य आणि वेशभूषा तिची. संगीत पुलँकचं, नृत्यरचना ब्रोनिस्लावा निजिन्स्काची. गुलाबी पोशाख आणि पिसं यांच्या गर्दीत तीन पिळदार खेळाडू येतात, आणि न्याहाळले जातात ते तेच. राखाडी वेशातल्या दोन मुली एकमेकींना बिलगून नाचतात. यातलं काहीच आडून झालं नाही, भर रंगमंचावर झालं. आणि १९५० मध्ये, स्त्रियांवरच्या प्रेमाच्या कविता लिहिणाऱ्या प्राचीन ग्रीक कवयित्री सॅफोच्या कवितांच्या फ्रेंच आवृत्तीला तिने एचिंग दिली, तेव्हाही तिने हात बदलला नाही: त्याच नाजूक मुली, तेच मोठे डोळे. मुखवट्याची गोष्ट सांगणाऱ्यांनी निदान एवढं सांगावं, की खुद्द सॅफोच्या पानावर ती कोणापासून काय लपवत होती?