पीएल-४८०: मदतीच्या गव्हाचा हिशेब

अमेरिकेच्या ‘यूएसएड’ या संस्थेचे मदतकार्य १ जुलै २०२५ पासून थांबले आणि परकीय मदत नेमकी कोणासाठी असते, हा जुना प्रश्न पुन्हा चर्चेत आला. भारताने त्याचा अनुभव ‘पीएल-४८०’च्या गव्हातून घेतला आहे.

‘पब्लिक लॉ ४८०’ हा कायदा १९५४ मध्ये झाला, तेव्हा अमेरिकेची कोठारे न खपलेल्या धान्याने भरली होती. भुकेल्यांना अन्न देणे आणि शीतयुद्धात मित्र जोडणे हे हेतू होतेच. परंतु शिल्लक धान्याला वाट करून देणे हाही उद्देश उघड होता. भारताशी पहिला करार १९५६ मध्ये झाला. (पुण्यात १९५५च्या सुमारास नोंदले गेलेले गाजरगवत याच गव्हातून आले, ही सर्वत्र पसरलेली समजूत त्यामुळे तपासूनच घ्यावी लागते.) १९६० मध्ये अन्नमंत्री स. का. पाटील यांनी चार वर्षांत १६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ आणण्याचा करार केला. किंमत रुपयांत चुकवायची असल्याने परकीय चलनाची चणचण असलेल्या दिल्लीला तो सोयीचा होता. अशा स्वस्त धान्याने घेणाऱ्या देशातील शेतमालाचे भाव पडतात, असा इशारा अर्थतज्ज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांनी त्याच वर्षी दिला. नंतरच्या काही अभ्यासकांना हा परिणाम तितका मोठा वाटला नाही, कारण हे धान्य रेशन दुकानांतून विकले गेल्याने एकूण खपही वाढला होता.

खरी कसोटी १९६५ नंतर लागली. लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी दीर्घ मुदतीचा करार टाळून धान्य थोडे थोडे सोडण्याचे धोरण ठेवले. भारताने शेतीधोरण बदलावे, हा त्यांचा आग्रह होता. व्हिएतनामप्रश्नी दिल्लीने केलेल्या टीकेची नाराजीही त्यात होती. १९६६ मध्ये सुमारे एक कोटी टन धान्य आयात झाले. बिहारमधील दुष्काळाचे महासंकट टळण्यात या गव्हाचा वाटा नाकारता येत नाही. मात्र पुढच्या जहाजाची वाट पाहण्याची मानहानी राज्यकर्त्यांच्या जिव्हारी लागली.

सी. सुब्रमण्यम अन्नमंत्री असताना १९६६ मध्ये मेक्सिकोतून १८ हजार टन गव्हाचे बियाणे आणण्यात आले. हीदेखील एका अर्थाने परकीय मदतच होती. मेक्सिकोतील त्या संशोधनामागे रॉकफेलर फाउंडेशनचा पैसा होता. पण धान्य खाऊन संपते, बियाणे दरवर्षी पेरता येते. १९६४-६५ मध्ये सुमारे १२३ लाख टन असलेले गव्हाचे उत्पादन १९७०-७१ मध्ये २३८ लाख टनांवर गेले.

गव्हापोटी भारतात साचलेल्या रुपयांचा प्रश्न मात्र उरला होता. त्यांपैकी १,६६४ कोटी रुपये अमेरिकेने फेब्रुवारी १९७४ मध्ये एकाच धनादेशाने भारत सरकारला देऊन टाकले.