तळटीप : युद्धदेवाची नाणी

१२. ‘युद्धदेवाची नाणी’ : लेखकाला इथे रोमन ब्राँझ नाणी अभिप्रेत आहेत. त्यांपैकी अनेकांच्या मागल्या बाजूवर भाला आणि विजयचिन्ह घेऊन निघालेला मार्स दिसतो. वाशीमच्या संदर्भात मात्र आठवतो तो तऱ्हाळ्याचा साठा. मंगरूळपीर तालुक्यातल्या या गावी (तेव्हा जिल्हा अकोला, वाशीम जिल्हा १९९८ चा) १९३९ मध्ये सातवाहनांची सुमारे १६०० नाणी सापडली. ती पोटीनची, म्हणजे तांबे, कथील, शिसे यांच्या मिश्रधातूची आहेत. एका बाजूस सोंड उंचावलेला हत्ती आणि राजाचे नाव, दुसऱ्या बाजूस उज्जैन चिन्ह. वा. वि. मिराशींनी ती वाचून प्रसिद्ध केली, आणि कुंभ, कर्ण, शक सातकर्णी हे पुराणांना ठाऊक नसलेले राजे उजेडात आले. साठ्याचे खरे मोल हेच. बाजारातला भाव विचारणाऱ्यांना ते पटवणे अवघड. याच साठ्यात स्कंद सातकर्णीचेही नाणे आहे. राजाचे नाव आपल्याकडच्या देवसेनापतीचे, पण नाण्यावर हत्तीच! स्वतः कार्तिकेय पाहायचा तर उत्तरेतल्या यौधेयांची नाणी बघावीत. काहींवर तो सहा मस्तकांचा आहे.

हौशी संग्राहकांसाठी एक सूचना : १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.