वाहतूक-गोंगाटाचा नकाशा
रस्ते व लोहमार्ग यांवरील वाहतुकीमुळे परिसरात पसरणाऱ्या गोंगाटाच्या पातळ्या रेषांनी वा रंगपट्ट्यांनी दाखविणारा नकाशा. त्यावरून किती लोकांना किती गोंगाट सोसावा लागतो याचा अंदाज करता येतो. नकाशात काय उमटते व काय सुटते, हे मात्र निवडलेल्या मापावर अवलंबून असते.

न्यूयॉर्क शहराने १९२९ मध्ये गोंगाट-निवारण आयोग नेमला. मापनयंत्रे बसविलेला ट्रक फिरवून ठिकठिकाणच्या पातळ्या डेसिबेलमध्ये नोंदविण्यात आल्या व १९३० मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. मध्य लंडनमध्ये १९६१–६२ मध्ये ५४० ठिकाणी पाहणी झाली. त्यांपैकी ८४ टक्के ठिकाणी रस्त्यांवरील वाहतुकीचा गोंगाट प्रमुख आढळला. सर ॲलन विल्सन समितीच्या १९६३ च्या अहवालास या पाहणीचा आधार होता.

जो रस्ता अद्याप बांधलेला नाही, त्याचा गोंगाट मोजता येत नाही. म्हणून वाहनसंख्या, वेग, जड वाहनांचे प्रमाण, चढ, अंतर व अडथळे यांवरून पातळी काढण्याची गणनपद्धती ब्रिटनमध्ये १९७५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षीच्या नियमांनुसार नव्या रस्त्यामुळे ठरीव मर्यादेपलीकडे गोंगाट पोहोचणाऱ्या घरांना सार्वजनिक खर्चाने ध्वनिरोधक खिडक्या मिळण्याचा हक्क प्राप्त झाला. गणिताने काढलेला आकडा अशा प्रकारे कायद्याचा आधार बनला.

लोहमार्गावरील गोंगाट सलग नसून गाडीगणिक उसळतो. म्हणून जपानने शिंकान्सेन या द्रुतगती गाड्यांसाठी १९७५ मध्ये मानके ठरविताना गाडी जातानाची कमाल पातळी आधारभूत धरली. निवासी भागासाठी ती ७० डेसिबेल आहे. याउलट यूरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशात वार्षिक सरासरी स्वीकारण्यात आली. तीत सायंकाळच्या पातळीत ५ व रात्रीच्या पातळीत १० डेसिबेल मिळवितात. या निर्देशानुसार पहिल्या नकाशांसाठी २००७ ही मुदत होती. सरासरीमुळे शहरांची तुलना सुलभ होते. परंतु मध्यरात्री झोपमोड करणारी एखादी मालगाडी तीत वेगळी दिसत नाही.

भारतात २००० च्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल या मर्यादा घातल्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०११ मध्ये मुंबईसह सात महानगरांत सतत मापनाचे जाळे सुरू केले. यूरोपीय गणनपद्धतीत इंजिन व टायर यांचा आवाज धरलेला असतो, भोंग्यांचा नव्हे. त्यामुळे ती पद्धती येथे जशीच्या तशी वापरल्यास नकाशा प्रत्यक्षापेक्षा शांत दिसण्याचा संभव असतो. गणनेला प्रत्यक्ष मापनाची जोड देणे म्हणूनच आवश्यक ठरते.