स्वमग्न माणसाची नोकरी

रत्नागिरीस १८८६ सालीं वेड्यांचें इस्पितळ सुरू झालें. त्याच शतकाच्या उत्तरार्धांत तेथें हातकाम शिकविणारी उद्योगशाळाहि निघाली होती. एका ठिकाणीं समाजानें निरुपयोगी ठरविलेला मनुष्य ठेवावयाचा आणि दुसऱ्या ठिकाणीं उपयोगी मनुष्य घडवावयाचा, अशी ही वांटणी वरवर पाहतां सरळ होती. परंतु ज्याचें डोकें कामांत उत्तम चालतें आणि चार माणसांत मात्र अडतें, अशानें कोणत्या दारांतून आंत जावें, ह्याचें उत्तर त्या काळीं कोणापाशींहि नव्हतें. त्याच्या स्थितीला नांवसुद्धां नव्हतें. आज तिला स्वमग्नता अथवा ऑटिझम म्हणतात.

नांव नव्हतें म्हणून माणसें नव्हतीं असें नव्हे. घुमा, एककल्ली, तऱ्हेवाईक हे शब्द मराठींत जुनेच आहेत. मात्र त्या शब्दांआड दडलेल्या सर्वांना आज मागाहून स्वमग्न ठरविणें अन्यायाचें होईल. कित्येक घुमे नुसते घुमेच असतात. कायद्याची भाषा ह्याहून कठोर होती. १९१२ च्या कायद्यानें जडबुद्धि मनुष्य आणि मन बिघडलेला मनुष्य ह्या दोघांनाहि ‘वेडा’ ह्या एकाच व्याख्येंत बसविलें, आणि ती व्याख्या १९८७ चा मानसिक आरोग्याचा कायदा अंमलांत येईपर्यंत टिकली. स्वमग्न मनुष्य खरें पाहतां ह्या दोहोंपैकीं एकहि नव्हे. कांहीं स्वमग्नांची बुद्धि मंद असते, कांहींची तल्लख असते. समोरच्याच्या डोळ्यांत पाहून बोलणें, आडवळणाचें बोलणें ओळखणें, ठरलेला क्रम अचानक मोडला तर सांवरून घेणें, गोंगाट सोसणें, ह्या गोष्टी त्यास जड जातात. उलट एखाद्या विषयांत तो असा बुडतो कीं, इतरांस कंटाळा यावा अशा बारकाव्यांत त्याचें मन रमतें.

ह्या स्थितीचें पहिलें गाजलेलें वर्णन अमेरिकेंत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांतील डॉ. लिओ कॅनर ह्यांनीं १९४३ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांत अकरा मुलांची हकीकत आहे. तींपैकीं पहिला मुलगा मिसिसिपी संस्थानांतील फॉरेस्ट गांवचा डोनाल्ड ट्रिपलेट. नोकरीच्या प्रश्नाचा विचार करणाऱ्यानें त्याचें चरित्र अवश्य पाहावें. १९३७ सालीं वैद्यांच्या सल्ल्यावरून आईबापांनीं त्याला एका संस्थेंत ठेविलें. दुसऱ्या वर्षीं त्यांनींच त्याला परत आणलें. १९४२ मध्यें तो एका शेतकरी दांपत्याकडे राहावयास गेला. डोनाल्डला मोजण्याचा विलक्षण नाद होता. त्या शेतकऱ्यानें तो नाद मोडण्याच्या भरीस न पडतां त्याच्या हातीं नांगर दिला आणि नांगरतां नांगरतां मक्याच्या ओळी मोजावयास सांगितलें. विहीर खणतांना तिची खोली मोजण्याचें कामहि त्याचेंच. कोणताहि ग्रंथ न वाचतां त्या शेतकऱ्यास जें सुचलें, तें मोठमोठ्या तज्ज्ञांस पुढें पुष्कळ वर्षें सुचलें नाहीं. १९५८ सालीं डोनाल्ड पदवीधर झाला, गांवच्या बँकेंत लागला, मोटार चालवूं लागला, एकटाच देशोदेशीं हिंडला. २०२३ सालीं तो वारला तेव्हां एकोणनव्वद वर्षांचा होता.

कॅनर ह्यांनीं १९७१ सालीं त्या अकरा जणांचा पुन्हा शोध घेतला. डोनाल्ड बँकेंत होता. दुसरा एक जण सरकारी कचेरींत प्रती काढण्याचें यंत्र चालवीत होता. जे लहानपणींच मोठ्या सरकारी इस्पितळांत गेले, त्यांचे उपजत गुणहि तेथें विझून गेले, असें त्यांस आढळलें. रत्नागिरीच्या इस्पितळांत असे किती जण गेले असतील हें सांगतां येणार नाहीं, कारण जें नांवच नव्हतें तें दप्तरांत लिहिणार कोण?

डोनाल्डच्या कथेंत एक गोष्ट मात्र विसरतां कामा नये. ती बँक त्याच्या आईच्या माहेरची होती. सर्वांच्याच आजोबांची बँक नसते.

१९४४ मध्यें व्हिएन्नाचे डॉ. हान्स आस्पेर्गर ह्यांनींहि अशा मुलांचें वर्णन केलें, आणि त्यांतील कांहीं जण आपल्या छंदाच्या बळावर व्यवसायांत नांव काढतील असें सांगितलें. परंतु २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें दाखविलें कीं, ज्या मुलांपासून कांहीं उपयोग होणार नाहीं असें ठरलें, तशीं मुलें ह्याच डॉक्टरनें नाझींच्या बालहत्याकेंद्राकडे धाडलीं होतीं. मनुष्याची किंमत त्याच्या उपयोगावरून करण्याची तऱ्हा कोठवर जाते, हें त्यावरून दिसतें.

इकडे मुंबईंत १९४४ सालींच वकील दांपत्यानें आपल्या मुलीसाठीं शाळा काढली. पुढें ती बौद्धिक वाढ खुंटलेल्या अनेक मुलांचा आधार झाली. रत्नागिरींतहि आविष्कार संस्थेची शाळा आणि कार्यशाळा ह्याच धर्तीवर उभी राहिली. परंतु शिकलेल्या स्वमग्न तरुणाची अडचण निराळीच असते. कार्यशाळेच्या मानानें तो फार शिकलेला, आणि कचेरीच्या मानानें फार विचित्र! १९९५ च्या अपंगांच्या कायद्यांत त्याचा उल्लेखच नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यानें त्याची प्रथम दखल घेतली. त्या कायद्यानें आईबापांच्या पश्चात् पालक नेमण्याची सोय झाली, नोकरीची नव्हे. २०१६ च्या कायद्यानें सरकारी जागांत ४ टक्के राखून ठेविले. त्यांतील १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययनअक्षमता, मानसिक आजार आणि बहुविध अपंगत्व अशा सर्वांनीं मिळून वांटून घ्यावयाचा. शिवाय चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला हवा. ज्यानें आयुष्यभर धडपडून आपलें वेगळेपण झांकलें, त्याला तो दाखला मिळविण्यासाठीं तेंच वेगळेपण डॉक्टरपुढें उघडें करून दाखवावें लागतें.

दाखला मिळाला तरी पुढें मुलाखत उभीच असते. खाजगी नोकरींत तर तीच सर्व कांहीं. अनोळखी माणसांपुढें बसून ‘स्वतःविषयीं कांहीं सांगा’ ह्या प्रश्नास हंसतमुखानें उत्तर द्यावयाचें! ही परीक्षा नेमकी स्वमग्नाच्या उण्या बाजूची आहे. हिशेबनीस निवडतांना त्याचे हिशेब पाहावे. बोलण्याची ऐट पाहून काय मिळणार? डेन्मार्कमध्यें थॉर्किल सोने ह्यांनीं आपल्या स्वमग्न मुलाकडे पाहून २००४ सालीं स्पेशियालिस्टर्न ही कंपनी काढली आणि मुलाखतीऐवजीं उमेदवारांस यंत्रखेळण्यांची जुळणी करावयास देऊन त्यांचें काम पाहिलें. एस.ए.पी. ह्या जर्मन कंपनीनें २०१३ मध्यें तिच्याशीं हात मिळविला, त्यापूर्वींच तिच्या बंगळूरच्या शाखेंत सहा स्वमग्न व्यक्ति आज्ञावली तपासण्याच्या कामावर घेतल्या होत्या. ह्या उदाहरणांचा गाजावाजा फार झाला. त्यामुळें प्रत्येक स्वमग्न मनुष्य संगणकांत निपुणच असतो, असा एक नवाच गैरसमज पसरला आहे.

रत्नागिरीच्या तरुणानें पोट भरण्यासाठीं मुंबई गांठावी ही जुनी रीत. गिरण्यांच्या काळीं कोंकणांतील घरेंच्या घरें मनीऑर्डरीवर चालत. स्वमग्न तरुणास मात्र लोकलची गर्दी आणि परक्यांबरोबरची खोली ह्या नोकरीहूनहि अवघड ठरतात. तेव्हां त्याच्यासाठीं काम गांवांतच पाहिलें पाहिजे. मिरकरवाडा बंदरावरचा मासळीचा लिलाव त्याच्या कामाचा नाहीं. तेथील ओरडा धडधाकट मनुष्यालाहि बधिर करतो. परंतु झेल्यानें उतरविलेला हापूस वजनानें आणि आकारानें निवडणें, डागी फळ बाजूस काढणें, पांच डझनी कीं सहा डझनी हें ठरवून पेटी भरणें, ह्या कामांत बोलणें थोडें आणि नजर फार लागते. काजूगराची प्रतवारीहि तशीच: तीनशें वीस नंबरचा काजू म्हणजे एका पौंडांत सुमारें तितके गर. हीं कामें हलकीं समजलीं जातात खरीं, आणि पदवीधरास तीं देऊं केलीं तर घरच्यांस अपमान वाटतो. बागायतदाराचे हिशेब आणि मालाची नोंद हें पदवीधराजोगें काम त्याच वखारींत असतें; परंतु तें बहुधा घरच्या मनुष्याकडे जातें.

पहिल्या पावसाबरोबर पेट्यांचें काम थांबतें. त्यानंतर रोपवाटिकांत कोयकलमें बांधण्याचे दिवस येतात. धारदार चाकू, सारख्या जाडीची काडी, घट्ट पट्टी, आणि तेंच काम दिवसाला शेंकडों वेळां. हंगामामागून हंगाम अशीं कामें जुळवावयाचीं, मालकास एकदां समजावून सांगावयाचें, सूचना तोंडीं न देतां कागदावर लिहून देण्याची विनंति करावयाची, जागा बदलली तर आदल्या दिवशीं कळवावयास सांगावयाचें, हें कोणीतरी करावें लागतें. आज तें आईबापच करतात, आणि त्यांचीं वयें वाढत चाललीं आहेत.