जोडधंद्याचें खातें

संसाराची ओढाताण होऊं लागली, कीं माणूस मुख्य धंद्याला एखादा जोडधंदा लावतो. किराणा दुकानदार शेजारीं पिठाची गिरणी घालतो. शिंपी कापडाचे तागे विकावयास ठेवतो. पैसा मात्र सारा एकाच गल्ल्यांत पडतो. वर्षअखेर हातीं काय उरलें तें कळतें. पण कोणत्या धंद्यानें मिळविलें आणि कोणत्यानें खाल्लें, हें कळत नाहीं. ही अडचण आजची नव्हे. पांचशें वर्षांपूर्वी व्हेनिस शहरीं एका ख्रिस्ती संन्याशानें तिच्यावर तोड लिहून ठेविली आहे. तिचीच हकीकत आज श्रोत्यांपुढें ठेवावयाची आहे.

लूका पाचोली हा इटलींतील बोर्गो सान्सेपोल्क्रो गांवचा. त्याचा जन्म सुमारें १४४५ चा. तरुणपणीं तो व्हेनिसमध्यें एका व्यापाऱ्याच्या मुलांना शिकवीत असे. पुढें फ्रान्सिस्कन पंथाची दीक्षा घेऊन त्यानें गांवोगांवीं गणित शिकविलें. १४९४ सालीं व्हेनिस येथें त्याचा गणितावरील थोरला ग्रंथ छापून निघाला. त्याचा एक भाग हिशेबलेखनावर आहे. प्रत्येक रक्कम एका खातीं नांवें व दुसऱ्या खातीं जमा धरण्याची रीत त्यानें शोधून काढिली नाहीं. जिनोआ शहराच्या १३४० च्या सरकारी वह्यांत ती आढळते. व्यापाऱ्यांचा हा प्रघात त्यानें शिकवितां येईल असा मांडला.

त्यानें सांगितलेल्या तीन वह्या आपणांस परक्या वाटणार नाहींत. पहिलींत घडेल तसें टिपण, दुसरी आपल्या कीर्दीसारखी, तिसरी खतावणीसारखी. वहीच्या आरंभीं ईश्वराचें नांव घालावें, असें तो म्हणतो. आपण 'श्री' लिहितों.

पण खरें मर्म पुढेंच आहे. घराबाहेर निराळें दुकान असेल, तर तें दुकान म्हणजे आपला एक देणेकरी इसम आहे असें समजावें, असें तो सुचवितो. त्याला दिलेला माल व त्याच्यासाठीं केलेला खर्च त्याचे नांवें लिहावा. त्याच्याकडून येईल तें त्याचे जमेस धरावें. व्यापारी सफरीचें खातें निराळें, भागीदारीचें निराळें, घरखर्चाचेंही निराळें. म्हणजे कोणतें काम आपणांस पोसतें आणि कोणतें आपणांस पोसावें लागतें, हें वाटेल तेव्हां दिसतें.

आतां आपल्या गिरणीकडे वळूं. समजा, दळणाच्या दर १०० रुपयांमागें विजेचे ४०, गड्याचे ५० आणि पट्टा व दुरुस्ती यांचे १५ रुपये जातात. तर वरचे ५ रुपये किराणा दुकान मुकाट्यानें भरीत आहे. एवढ्यावरून गिरणी बंदच करावी असें नाहीं. कदाचित् दळणासाठीं येणारीं गिऱ्हाइकें दुकानांतूनही माल नेत असतील. पण तो तोटा जाणून सोसणें वेगळें आणि नकळत बुडणें वेगळें.

त्यासाठीं दुसरा गल्ला लागत नाहीं. वहींतलें एक कोरें पान पुरें होतें.