तळटीप १७ : मश्रूम बॉडी

१७. मश्रूम बॉडी : फळमाशीच्या मेंदूत दोन्ही बाजूंना असलेला, देठावरच्या अळंबीसारखा दिसणारा चेतापेशींचा पुंजका. वासाची आठवण इथेच घडते. वासाबरोबर विजेचा झटका बसला की डोपामाइन स्रवते. त्या वासाला प्रतिसाद देणाऱ्या, मश्रूम बॉडीतल्या केन्यन पेशींचे पुढच्या पेशींशी असलेले काही दुवे क्षीण होतात आणि माशी तो वास टाळू लागते. आठवण दुवे क्षीण होऊनही बनते, हे विलक्षण आहे. फळमाशीच्या मेंदूचा ‘नकाशा’ म्हणजे जीवशास्त्रज्ञ व संगणकतज्ज्ञांनी मिळून केलेल्या फ्लायवायर प्रकल्पाचा आराखडा (ऑक्टोबर २०२४) : एका प्रौढ मादीचा संपूर्ण मेंदू, १,३९,२५५ चेतापेशी. फळमाशीच्या घ्राणसंवेदनेवर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी व व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी पायाभूत काम केले.