एका बॉक्सवरची अनेक नावं

इथे पत्र दारात येत नसे, पी. ओ. बॉक्सवर येई. दुबईत आम्ही सगळे कंपनीच्या एकाच बॉक्सवर घरची पत्रं मागवायचो. ऑफिसबॉय नाव वाचून वाटायचा. १९९५ साली एतिसलातने एमिरेट्समध्ये इंटरनेट आणलं, त्याच वर्षी अपाची हा फुकट वेब सर्व्हर निघाला. पण पान मागताना ते कुठल्या साइटचं, हे ब्राउझरने सांगायची सक्ती तेव्हा नव्हती. म्हणजे पाकिटावर बॉक्स नंबर आहे, नाव नाही! म्हणून प्रत्येक साइटला वेगळा आयपी पत्ता लागे. जानेवारी १९९७ च्या एचटीटीपी १.१ ने ‘होस्ट’ ही ओळ सक्तीची केली आणि एकाच पत्त्यावर शेकडो साइट नांदू लागल्या. आपल्यासारख्या मंडळांना स्वतःच्या नावाची साइट परवडली ती यामुळेच, असं माझं मत.

बिऱ्हाडं वाढली की कुलपं आलीच. गणपतीचा कार्यक्रम सर्वांना दिसावा, सभासदांचे फोन नंबर दिसू नयेत. अपाचीत ‘ऑर्डर’पुढे ‘डिनाय, अलाऊ’ लिहिलं तर यादीत नसलेला पाहुणा आत. ‘अलाऊ, डिनाय’ लिहिलं तर बाहेर. दोन शब्दांची अदलाबदल, आणि सगळ्यांचे नंबर चव्हाट्यावर! २०१२ च्या २.४ आवृत्तीत त्याजागी सरळ ‘रिक्वायर’ आलं. जुन्या फाइली मात्र अजून भेटतात. मी आधी तीच ओळ शोधतो.